न खेळलेला हंगाम

'फुटबॉल' हा शब्द कानी पडताच ज्याच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या कूपरेज मैदानावर किंवा गोव्यातील एखाद्या गावच्या पटांगणात पायांनी टोलवला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो, अशा मराठी वाचकाला अमेरिकेतील एका शाळकरी खेळाडूची हकीकत सांगावयाची, तर आरंभी घटकाभर थांबून त्या शब्दाचा तेथील अर्थ उलगडून दाखविणे प्राप्त आहे. अमेरिकेतील फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुधा हातात धरून पळवावयाचा किंवा हाताने फेकावयाचा असतो, आणि पायाचे काम त्यात प्रसंगोपात्तच पडते. शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-अकरा गडी समोरासमोर ठाकतात; चेंडू ज्या पक्षाच्या ताब्यात असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, सरकला तर त्याला आणखी चार प्रयत्न मिळावयाचे, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा; आणि अशी हातहात जमीन काबीज करीत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला, की सहा गुणांचा 'टचडाउन' पदरात पडावयाचा. चेंडू नेणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला भुईसपाट करण्याची प्रतिपक्षाला पूर्ण मुभा असते, म्हणूनच खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या असतात. या साऱ्या धुमश्चक्रीत प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो, चेंडू कोणाकडे द्यावा, किती दूर फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे, याचा निर्णय ज्याने दोन-तीन सेकंदांत करावयाचा असतो, तो 'क्वार्टरबॅक'.

बास्केटबॉल आपल्याला अधिक परिचयाचा आहे. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली स्प्रिंगफिल्ड येथील वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावा म्हणून तो रचला, आणि पुढे त्याच संस्थेच्या हातून तो देशोदेशी पोहोचला. मुंबईच्या नागपाड्यातील गल्ल्यांतून तर त्याने असे मूळ धरले, की तेथील मुलांना तो परदेशी वाटतच नसेल. पाच गडी, आटोपशीर मैदान, दहा फूट उंचीवरचे लोखंडी कडे, आणि अंगाला अंग न भिडविता वाट काढण्याचे कसब. वरवर पाहता या दोन खेळांत काहीच समान नाही: एक उघड्या आभाळाखालचा, दुसरा छपराखालचा, एकात धडक हाच धर्म, दुसऱ्यात धडक हा अपराध.

आणि तरीही अमेरिकेतील हायस्कुलांत हे दोन्ही खेळ खेळणारा एकच मुलगा सर्रास आढळतो, याचे कारण तेथील शाळांच्या वेळापत्रकात आहे. फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या थंडीत संपतो, आणि त्याचा शेवट होतो न होतो तोच बास्केटबॉलचा हंगाम उभा राहून मार्चपर्यंत चालतो. आपल्याकडे खेळात पुढे जावयाचे तर मुलाला बहुधा क्लबाची किंवा व्यायामशाळेची वाट धरावी लागते. तेथे ती वाट शाळेच्या आवारातूनच निघते. वर्षाकाठी सत्तर लाखांहून अधिक मुलेमुली तेथील हायस्कुलांच्या संघांतून खेळतात, आणि लहानमोठ्या गावांतून शुक्रवारची रात्र म्हणजे शाळेच्या फुटबॉल सामन्याची रात्र, असा संकेतच होऊन बसला आहे. दिव्यांच्या झगझगाटात शाळेचा बँड वाजत असतो, शाळेच्या रंगांचे पोशाख केलेल्या मुली आरोळ्या ठोकीत असतात, आणि ज्यांची मुले शाळेत नाहीत असे दुकानदार, गोदी-कामगार, निवृत्त शिपाईसुद्धा लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसलेले असतात. शाळेचे आद्याक्षर छातीवर मिरविणारे लोकरी जाकीट हा तेथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा शिरपेच. या वयात इतकी कीर्ती पेलावयास देणे हितकर की अहितकर, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करीत आला आहे. कारण गाव जी कीर्ती देते, ती ते दानपत्राने देत नाही, उसनी देते.

दोन्ही खेळांत तरबेज असलेल्यांची नामावळी लांब आहे. लेब्रॉन जेम्स हा जगद्विख्यात बास्केटबॉलपटू अ‍ॅक्रन शहरातील आपल्या शाळेत फुटबॉलमध्येही राज्याच्या निवडक खेळाडूंत गणला गेला होता. चार्ली वॉर्ड याने महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानाची हाइझमन ट्रॉफी १९९३ साली मिळविली आणि धंदेवाईक कारकीर्द मात्र न्यूयॉर्कच्या बास्केटबॉल संघातून केली. अँटोनिओ गेट्स महाविद्यालयात केवळ बास्केटबॉल खेळला आणि नाव काढले ते फुटबॉलमध्ये. परंतु या सर्वांना मागे सारून माझे मन ज्याच्यापाशी पुनःपुन्हा जाते, तो व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन गावचा ॲलन आयव्हरसन.

हॅम्प्टन हे अटलांटिकच्या एका खाडीमुखाशी वसलेले जुने गाव. १६१९ साली गुलाम म्हणून आणलेले पहिले आफ्रिकी लोक इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत ज्या भूशिरावर उतरले, ते पॉइंट कम्फर्ट याच गावच्या हद्दीत येते. आणि यादवी युद्धाच्या आरंभी, १८६१ मध्ये, मालकांच्या तावडीतून निसटलेल्या गुलामांना परत न करण्याचा निर्णय ज्या किल्ल्यात झाला, तो मन्रो किल्लाही त्याच ठिकाणी उभा आहे. त्या मुक्तीच्या लढ्याचे पडसाद पार पुण्यापर्यंत उमटले होते: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ही गोष्ट मराठी वाचकाला सांगावयास नको. हॅम्प्टनला लागूनच न्यूपोर्ट न्यूज हे जहाजबांधणीच्या कारखान्यांचे शहर आहे. या दोन गावांच्या गरीब वस्त्यांत ७ जून १९७५ रोजी जन्मलेला हा मुलगा वाढला.

त्याचा जन्म झाला तेव्हा त्याची आई, ॲन, अवघी पंधरा वर्षांची होती. घरात कधी वीज तोडलेली असे, कधी पाणी बंद असे, आणि जमिनीखालची नळी फुटून मैलापाणी घरात येई, इतकी हलाखी. वस्तीतील मुलांना फुटबॉल शिकविणारे गॅरी मूर यांच्यासारख्या माणसांनी त्याला हाताशी धरले. त्याचे पहिले प्रेम फुटबॉल होते, आणि बास्केटबॉल हा त्याच्या लेखी नाजूक मुलांचा खेळ होता. आईने नवे बूट आणून देऊन त्याला जवळजवळ ढकलूनच बास्केटबॉलच्या मैदानावर धाडले, जाताना तो रडला, आणि तेथे आपले फुटबॉलचेच सोबती जमलेले पाहून त्याचे रडे थांबले, ही आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे.

बेथेल हायस्कुलात डेनिस कोझलॉव्स्की हे फुटबॉलचे आणि माइक बेली हे बास्केटबॉलचे शिक्षक होते. फुटबॉलमध्ये आयव्हरसन क्वार्टरबॅक तर होताच, पण चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की तो बचावाच्या शेवटच्या फळीत उभा राही, आणि प्रतिपक्षाने लाथेने उंच उडविलेला चेंडू झेलून परत पळविण्याचे कामही त्याच्याचकडे असे. म्हणजे सामन्यात त्याला विसावा असा जवळजवळ नव्हताच. शरीर मात्र किरकोळ. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची उंची सहा फुटांपलीकडे गेली नाही, आणि दांडग्यांच्या त्या खेळात सहा फूट म्हणजे काहीच नव्हे.

मग त्याचे सामर्थ्य होते कशात? याचे उत्तर मराठीत एका शब्दात देता येते: हूल. कबड्डीच्या मैदानावर चढाईला गेलेला गडी डावीकडे झेपावल्याचा आव आणतो, त्याच्या खांद्याकडे पाहून पकड करणाऱ्यांचा भार डाव्या पायावर जातो, आणि तो भार परत सावरण्याच्या आतच गडी उजवीकडून निसटलेला असतो. हूल देणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याहून वेगवान असण्याची गरज नसते. प्रतिस्पर्ध्याला चुकीच्या बाजूला झुकविले की पुरे, मग त्याची ताकद त्याच्याच विरुद्ध कामास येते. फुटबॉलच्या मैदानावर आपल्या अंगावर कोसळणाऱ्या धिप्पाड मुलांना आयव्हरसन याच रीतीने चकवीत असे, आणि बास्केटबॉलमध्ये जी चाल पुढे त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली, तो 'क्रॉसओव्हर', म्हणजे गुडघ्याइतक्या खालून चेंडू क्षणार्धात एका हातातून दुसऱ्या हातात झपकन फिरवून दिशा पालटणे, ती याच विद्येची दुसरी शाखा. १२ मार्च १९९७ रोजी, धंदेवाईक खेळातील पहिल्याच वर्षी, त्याने फिलाडेल्फियाच्या मैदानावर प्रत्यक्ष मायकेल जॉर्डनला ही हूल दिली: प्रथम एक लहान, जणू नमुना म्हणून दाखविलेली, आणि लगेच दुसरी, खोल आणि खरी, जॉर्डन पहिलीत झुकला, सावरला, दुसरीत पुन्हा झुकला, आणि पोराने चेंडू कड्यात टाकला. तो क्षण मी चित्रफितीत पाहतो तेव्हा त्या सभागृहातील बास्केटबॉल मला दिसेनासा होतो, आणि हॅम्प्टनमधील एखादी शुक्रवारची रात्र, ओले गवत, आणि हवेत रिकामी मिठी मारून पडलेला कोणी बचावपटू दिसू लागतो.

आता १९९२-९३ च्या शालेय वर्षाकडे वळू. त्या वर्षी आयव्हरसन अकरावीत होता. डिसेंबर १९९२ मध्ये बेथेलच्या फुटबॉल संघाने व्हर्जिनियातील मोठ्या शाळांच्या गटाचे राज्य-अजिंक्यपद जिंकले. मार्च १९९३ मध्ये बास्केटबॉल संघानेही तेच अजिंक्यपद आणले. दोन्ही संघांचा कणा हाच मुलगा होता, आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने राज्यातील वर्षाचा सर्वोत्तम शालेय खेळाडू म्हणून दोन्ही खेळांत त्याचीच निवड केली. बास्केटबॉलमध्ये त्याची सरासरी सामन्यागणिक तीस गुणांच्या वर होती. शालेय सामना एकंदर बत्तीस मिनिटांचाच असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे जवळजवळ प्रत्येक मिनिटाला एक गुण, असा त्याचा हिशेब होतो. महाविद्यालयांचे प्रशिक्षक दोन्ही खेळांसाठी त्याच्या मागे लागले होते. आणखी एक वर्ष शाळेत काढावयाचे होते. बारावीचा तो फुटबॉल हंगाम त्याच्या कारकिर्दीचा कळस ठरणार, याविषयी गावात दुमत नव्हते.

परंतु या दोन विजयांच्या मध्ये एक रात्र येऊन गेली होती. १४ फेब्रुवारी १९९३ रोजी आयव्हरसन काही मित्रांसमवेत हॅम्प्टनमधील एका बोलिंगच्या खेळघरात गेला असता तेथे काळ्या आणि गोऱ्या तरुणांत बाचाबाची होऊन तिचे पर्यवसान मोठ्या मारामारीत झाले. खुर्च्या फेकल्या गेल्या, एका गोऱ्या स्त्रीच्या डोक्याला खुर्ची लागून ती जखमी झाली, इतरांनाही दुखापती झाल्या. पोलिसांनी पकडले ते चौघे, आणि चौघेही काळे. आयव्हरसनने खुर्ची फेकली असे काही साक्षीदारांनी सांगितले; भांडण पेटताच आपण तेथून बाहेर पडलो, असे त्याचे म्हणणे होते. सतरा वर्षांच्या त्या मुलावरील खटला बालगुन्हेगार म्हणून न चालविता प्रौढ आरोपी म्हणून चालविण्यात आला, आणि १९९३ च्या उन्हाळ्यात न्यायाधीश नेल्सन ओव्हरटन यांनी त्याला दोषी ठरवून पुढे पंधरा वर्षांची कैद फर्मावली, पैकी दहा वर्षांची शिक्षा तहकूब ठेवली. म्हणजे प्रत्यक्षात भोगावयाची पाच वर्षे.

येथे क्षणभर त्या कलमाकडे पाहिले पाहिजे. खटल्यात वापरलेले कलम 'जमावाने केलेल्या अंगच्छेदा'चे होते. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांचे जमाव काळ्या माणसांना पकडून, कोणताही इन्साफ न करता, हालहाल करून ठार मारीत, त्या अमानुष प्रथेला आळा घालण्याच्या हेतूने अशी कलमे कायद्यात आली. जमावाच्या कृत्यात नेमका घाव कोणाचा हे शाबीत करणे दुर्घट असते, म्हणून जमावातील प्रत्येक जण त्या कृत्याला जबाबदार, असे तत्त्व त्यात आहे, आणि मूळ हेतूच्या दृष्टीने ते यथायोग्यही आहे. परंतु काळ्यांच्या रक्षणार्थ घडविलेले हे हत्यार येथे चार काळ्या मुलांवर चालले, आणि त्याच भांडणात असलेल्या गोऱ्यांपैकी कोणावरही चालले नाही. जखमी झालेल्यांचे दुःख खोटे होते असे कोणी म्हणू नये. त्यांना न्याय मागण्याचा पूर्ण अधिकार होता. पण हत्यार कोणासाठी घडविले आणि कोणावर चालविले, हा प्रश्न त्या गावात तेव्हा उठला तो आजही पुरता शमलेला नाही. मूळचे हॅम्प्टनचेच असलेले चित्रपटकार स्टीव्ह जेम्स यांनी २०१० साली 'नो क्रॉसओव्हर' हा अनुबोधपट काढला, तेव्हा सतरा वर्षांनंतरही गावातली माणसे त्या रात्रीविषयी कॅमेऱ्यापुढे बोलावयास कचरत होती.

गाव दुभंगले. एका पक्षाचे म्हणणे, हा मुलगा खेळाडू म्हणून आजवर लाडावला गेला, आता त्याला इतरांसारखीच शिक्षा झाली तर बिघडले कोठे. दुसऱ्याचे म्हणणे, तो खेळाडू नसता आणि काळा नसता तर ही फिर्याद इतक्या थरास गेलीच नसती. या दोन्ही म्हणण्यांत एक गोष्ट समान होती, ती ही, की मुलाकडे मुलगा म्हणून पाहणारे थोडेच होते. डिसेंबरात ज्याच्या पळण्याला टाळ्या पडल्या, तोच सप्टेंबरात बेड्या घालून नेला गेला. दूरचित्रवाणीवरील नामांकित वृत्तनिवेदक टॉम ब्रोकॉ यांनी तुरुंगात जाऊन त्याची मुलाखत घेतली, आणि हॅम्प्टनचे हे प्रकरण सबंध देशाच्या तोंडी झाले.

त्याला ठेवले होते न्यूपोर्ट न्यूजच्या 'सिटी फार्म' या तुरुंगात. बाहेर १९९३ च्या शरद ऋतूतील शुक्रवार एकामागून एक चालले होते, बेथेलचा संघ मैदानावर उतरत होता, बँड वाजत होता. आणि त्या संघाचा क्वार्टरबॅक काही मैलांवर गजांआड होता. मोजदाद केली तर हे अवघे चार महिने. पण शाळकरी फुटबॉलचा सबंध हंगामच मुळी चार महिन्यांचा असतो, आणि तो आयुष्यात पुन्हा येत नसतो.

सुटकेचा हुकूम ज्यांच्या सहीने निघाला, ते गव्हर्नर डग्लस वाइल्डर हे अमेरिकेच्या इतिहासात लोकांनी निवडून दिलेले पहिले काळे गव्हर्नर. त्यांचे आजीआजोबा व्हर्जिनियातच गुलामीत जन्मले होते. अधिकारपद सोडण्यास अवघे काही दिवस उरले असता, डिसेंबर १९९३ च्या अखेरीस, त्यांनी आयव्हरसनला शर्तीवर सोडले. शर्त अशी, की शालेय शिक्षण पूर्ण होईतो त्याने कोणत्याही संघातून खेळावयाचे नाही. बेथेलला तो परतला नाही; अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी चालविलेल्या रिचर्ड मिलबर्न या शाळेतून, एकट्याने शिकवणी घेऊन, त्याने १९९४ साली दाखला मिळविला. पुढे १९९५ मध्ये व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून त्याची शिक्षा मुळातूनच रद्दबातल ठरविली. कागदोपत्री तो निर्दोष झाला. हंगाम मात्र कोणत्याही न्यायालयाला परत करता येत नसतो.

खटल्याच्या काळात महाविद्यालयांची पत्रे येणे थांबले होते. ज्याच्यासाठी कालपर्यंत दारात रांग होती, त्याचे नाव घेण्यासही लोक धजत नव्हते. तेव्हा ॲन आयव्हरसन उठली आणि वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाउन विद्यापीठात गेली. तेथील बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन हे सहा फूट दहा इंच उंचीचे, खांद्यावर पांढरा पंचा टाकून बाकाशी उभे राहणारे, भारदस्त आणि करडे गृहस्थ; महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले काळे प्रशिक्षक. माझ्या मुलाला पदरात घ्या, नाहीतर तो मरेल, अशा आशयाची विनवणी तिने केली, आणि थॉम्पसनांनी ती मानली. पुढे बास्केटबॉलच्या कीर्तिदालनात ('हॉल ऑफ फेम') आयव्हरसनचा गौरव झाला तेव्हा, २०१६ साली, त्याने या माणसाने आपला जीव वाचविला असे भरल्या गळ्याने सांगितले.

जॉर्जटाउनला दोन वर्षे काढून १९९६ साली तो धंदेवाईक बास्केटबॉलच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने उचलला गेला. इतक्या कमी उंचीचा खेळाडू पहिल्या क्रमांकावर त्याआधी कधी निवडला गेला नव्हता. २००१ साली तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. हे सारे सुविदित आहे, आणि त्याच्या भरभराटीचे, तसेच त्याच्या चुकांचेही, वर्णन करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. माझे लक्ष मात्र जॉर्जटाउनमधील एका लहानशा प्रसंगावर खिळलेले आहे, जो आयव्हरसन स्वतःच सांगतो.

विद्यापीठाचा फुटबॉल संघ होता. फार नामांकित नव्हे, पण होता. त्या संघाचा खेळ पाहून या मुलाच्या मनात जुनी ओढ उसळली. जो हंगाम सिटी फार्मच्या भिंतींआड गेला, तो येथे या मैदानावर का खेळू नये? तो थॉम्पसनांच्या खोलीशी गेला आणि, प्रशिक्षक, मला फुटबॉलही खेळावासा वाटतो, असे त्याने भीतभीत सुचविले. थॉम्पसनांनी त्याला वाक्य पुरे करू दिले की नाही, कोण जाणे. खरमरीत शिव्यांच्या सरबत्तीत त्यांनी त्याला तत्काळ खोलीबाहेर पिटाळले. डोक्यावर कायद्याची तलवार टांगती असलेल्या, धिप्पाड मुलांच्या धडका खाण्याजोगे अंग नसलेल्या त्या पोराचे भवितव्य कशात आहे, ते थॉम्पसनांना पक्के ठाऊक होते, आणि त्यांचे बरोबरच होते.

फुटबॉल खेळण्याचा विचार त्यानंतर आपण कधी केला नाही, असे आयव्हरसन हसत हसत सांगतो.